फळ: आढळले नाही

एका पानावरचे केस मोजायला किती वेळ लागतो, सांगता येईल तुम्हाला? तुमच्या डोक्यावरचे नव्हे, पानाच्या पोटावरचे. नाही सांगता येणार. मी सांगतो. आमच्या गावच्या वनस्पती संग्रहालयात प्रमुखसाहेब आणि त्यांचे दोन मदतनीस एका झुडपाच्या पानावरची लव भिंगाखाली चार दिवस मोजत बसले होते. आणि ते झुडूप ज्याने कड्यावरून काढून आणलं, तो माणूस कसा मेला याची चौकशी चालली अकरा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो, म्हणून सांगतोय. त्यातलीही दोन मिनिटं चौकशी अधिकाऱ्यांची खुर्ची डुगडुगत होती म्हणून तिच्या पायाखाली कागदाची घडी सारण्यात गेली.

तर आधी त्या झुडपाचं छापून आलेलं वर्णन वाचा. कंटाळा आला तरी वाचा, कारण एका माणसाची सगळी कैफियत त्यात आहे. लिहिणाऱ्याला ते कळलं नाही, एवढंच.

«झुडूप ४५ ते ६५ सेंटिमीटर उंच, खडकाला चिकटून वाढणारे. फांद्या वेड्यावाकड्या, जून साल कागदासारखी सुटणारी. पाने ६ ते ९ मिलिमीटर, जाड, कडा आत वळलेल्या, वरून गडद हिरवी, खालून पांढऱ्या लवीने भरलेली, लव ०.३ ते ०.४ मिलिमीटर. फुले एकेकटी, नळीसारखी, १४ ते १७ मिलिमीटर, पाच पाकळ्यांची, ताजी असताना वांगी-जांभळी, घशाशी पांढरी, पहाटे उमलतात, ऊन चढल्यावर गळतात, सुकल्यावर तपकिरी. स्थान: ४१०० मीटरवर, उत्तरेकडच्या उभ्या कड्याच्या भेगांत. संकलन: १२ तारखेस, प्रमुखांच्या हस्ते. फळ: १३ तारखेस शोध घेतला, आढळले नाही.»

मी सातवीच्या पुढे शाळा पाहिलेली नाही. तरी हे सोळा वेळा वाचलंय, आणि सोळाव्यांदाही शेवटच्या ओळीशी अडकलोय. शोध घेतला. कोणी घेतला? ते नाही लिहिलं. लवीची लांबी लिहिली.

ही गोष्ट ज्या बाईची आहे, तिला संग्रहालयात सगळे सुईबाई म्हणतात. म्हणायचे. तिचा बाप गाद्या शिवायचा, त्यामुळे बोटांत सुई लहानपणापासूनच. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे रोजावर लागली आणि सव्वीस वर्षं रोजावरच राहिली. काम असं की डोंगरातून आलेली झाडं टीपकागदांत दाबून सुकवायची, आणि सुकली की जाड पांढऱ्या कागदावर बसवायची. नाजूक असेल ते डिंकाने. झुडपाची फांदी असेल तर डिंक धरत नाही, ती सुईदोऱ्याने शिवावी लागते. एक पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे पोट दिसतं. गळालेल्या पाकळ्या नि चुरा ठेवायला कागदाचा छोटा खिसा करून वरच्या कोपऱ्यात लावायचा. खालच्या कोपऱ्यात लेबल: झाड कुठलं, किती तारखेला, फुलाचा रंग काय, आणलं कोणी. तिचे टाके इतके बारीक की बाहेरगावचे विद्वान कागद उजेडाकडे धरून विचारायचे, हे चिकटवलंय कशाने? ती म्हणायची, नजरेने.

तिचा नवरा म्हणजे गाठ्या. आधी कड्यांवरची मधाची पोळी काढायचा. दोराला लटकून मध काढणारा माणूस झाडंही काढेल, म्हणून संग्रहालयाने त्याला कायम नोकरीत घेतलं आणि मागच्या अंगणातली एक खोली राहायला दिली. तिला एक खिडकी, मोरीला पडदा, आणि भिंतीपलीकडे झाडं सुकवायची भट्टी, त्यामुळे थंडीतही भिंत उबदार. खोलीत तिघं: गाठ्या, सुईबाई आणि सासू.

गाठ्याला लिहिता येत नव्हतं. आणि फुलाचं असं असतं की सुकलं की रंग मेला. जांभळं असो, निळं असो, कागदावर शेवटी सगळं चहाच्या गाळासारखं. म्हणून रंग तोडतानाच टिपून ठेवावा लागतो. सुरुवातीला याच्या गठ्ठ्यांवर कारकून लिहायचे, फुलाचा रंग: माहीत नाही. गाठ्याला ते झोंबलं. त्याच्या आईच्या शिवणाच्या डब्यात भरतकामाच्या दोऱ्यांची लडी होती, चाळीसेक रंगांची. ती त्याने कमरेला बांधली. फूल तोडलं की लडीतला नेमका त्या रंगाचा दोरा काढायचा, फांदीला बांधायचा आणि बाकीचं गाठींत सांगायचं. मोठी गाठ म्हणजे दहा, बारीक म्हणजे एक. आधी तारीख, मग जागा सोडून झुडपाची उंची, वितींत. शेवटी फास. एक फास म्हणजे एकट्याने तोडलं, दोन फास म्हणजे सोबत कोणी होतं.

कार्यालयात त्यावर हसणं झालं. गुरं बांधायचं काम फुलांवर करतोय, म्हणाले, आणि नाव पडलं गाठ्या. हसली नाही ती फक्त सुईबाई. तिने दोरा हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि कशाला काय म्हणतोस ते त्याला विचारलं. पंधरा दिवसांत तिला सगळं वाचता यायला लागलं, आणि वर्षभरात लग्न झालं. पुढे तोच रिवाज पडला. गठ्ठा उघडला की ती दोरा वाचणार, समोर बसलेला टाइपिस्ट लेबल टाइप करणार. रंगावरून दोघांची रोज खडाजंगी. टाइपिस्ट विचारायचा, कसला जांभळा? ती म्हणायची, जखम तिसऱ्या दिवशी होते तसला. तो म्हणायचा, बाई, हे शास्त्र आहे, दवाखाना नाही. मग ती दुसरं काही सांगायची: कांद्याच्या सालीचा, संध्याकाळच्या डोंगराचा, जुन्या शाईचा. कधी दोऱ्याच्या अगदी टोकाला तीनचार चिमुकल्या गाठी असायच्या. त्यांचा झाडाशी संबंध नसायचा. त्या ती मोठ्याने वाचायची नाही. टाइपिस्ट विचारायचा, हे काय? ती म्हणायची, दोरा उसवलाय.

वाचून झालं की दोरा कापून टाकायचा. तो नियमच होता, आणि खरा होता: दाबाखाली गाठीचा वण पाकळीवर उमटतो आणि नमुना वाया जातो. कापलेला दोरा टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात. डबा भरला की भट्टीत. तेवीस वर्षांत तिने असे किती दोरे जाळले असतील, कोण मोजणार.

त्या वर्षी प्रमुखसाहेब स्वतः डोंगरात गेले. नवीन झुडूप सापडायची चिन्हं होती, आणि नवीन झुडूप म्हणजे शोधणाऱ्याचं नाव कायमचं छापलं जातं. वर गेले तिघं: साहेब, गाठ्या आणि खेचरवाला. नियम असा की छावणीच्या वर कोणी एकट्याने जायचं नाही. तो साहेबांनीच केलेला, भिंतीवर चौकटीत लावलेला. पण छावणीत पोचल्या पोचल्या साहेबांना उंची लागली. डोकं धरून ते तंबूत आडवे झाले आणि उलट्या करायला उठले तेवढेच. बारा तारखेला पहाटे गाठ्या एकटाच कड्यावर चढला. जांभळं फूल घेऊन ऊन चढायच्या आत खाली आला. साहेबांनी पडल्या पडल्या फांदी पाहिली, तोवर पाकळ्या मिटून काळवंडल्या होत्या. गठ्ठा बांधला, तो खेचरवाल्याने खाली न्यायचा ठरलं, नाहीतर ओल धरून सडतो. खेचरवाला निघायच्या आधी साहेब गाठ्याला म्हणाले, फळ पाहिजे. फळाशिवाय वर्णन लंगडं. तेरा तारखेला गाठ्या पुन्हा चढला. एकटाच.

एवढं सगळं मला कसं कळलं, तेही सांगतो, म्हणजे मनाचं लिहिलं असं कोणी म्हणायला नको. खेचरवाल्याने सांगितलं. तो तेराला सकाळी निघाला तेव्हा गाठ्या कड्याच्या मध्यावर होता, हात हलवत होता. पण कोणाला सांगितलं आणि कोणाला नाही, ते पुढे येईल.

गठ्ठा पंधराला गावात पोचला. सुईबाईने उघडला, ओले टीपकागद बदलायला घेतले. वरच्याच कागदात ती फांदी आणि तिला दोरा. तिने तो वाचला: एक मोठी, दोन बारीक, म्हणजे बारा तारीख. मग दोन गाठी, मग तीन, म्हणजे झुडूप दोन ते तीन विती. एक फास, एकटा. टाइपिस्टने विचारलं, कसला जांभळा? ती म्हणाली, वांग्याचा. कोवळ्या नव्हे, निबर वांग्याचा. टाइपिस्टने टाइप केलं: वांगी-जांभळा. आणणाऱ्याच्या रकान्यात गाठ्याचं नाव घातलं, कारण त्यात काही विचार करण्यासारखं नव्हतं. दोऱ्याच्या टोकाला तीन चिमुकल्या गाठी होत्या. तीन दिवसांत येतो. ती स्वतःशी हसली, कात्री घेतली, दोरा कापला आणि डब्यात टाकला. संध्याकाळी डबा भट्टीत रिकामा केला. त्याच उबेवर तीच फांदी सुकत होती.

अठराला सकाळी अकराच्या सुमारास वरून माणूस आला. गाठ्या कड्याखाली सापडला होता, पाच दिवसांनी. कार्यालयात सगळ्यांना कळलं. सुईबाई आतल्या खोलीत टीपकागद बदलत होती, तिला नाही कळलं. कळू दिलं नाही. साहेबांचा निरोपच तसा होता: नवीन झुडपाचे कागद बदलून होईपर्यंत तिला काही बोलू नका. आणि कोणी बोललं नाही. पाच तास. मधल्या सुट्टीत टाइपिस्ट तिच्या समोर बसून जेवला. तिने त्याला लोणच्याची फोड दिली, ती त्याने खाल्ली. चारला शेवटचा टीपकागद बदलून झाला, फळी बसली, पट्टे आवळले, तेव्हा शिपाई तिला म्हणाला, बाई, जरा बाहेर या.

पुढे मी त्या टाइपिस्टला गाठून विचारलं की तोंडात घास फिरला कसा तुझ्या. तो खजील वगैरे झाला नाही. म्हणाला, “ती रडत बसली असती तर सगळा गठ्ठा सडला असता. मग तिच्याच नवऱ्याची मेहनत वाया गेली असती ना?” बघा. माणसाला दगड व्हायचं असलं की कारण कसं मऊ सापडतं.

आता खोलीचं. खोली गाठ्याच्या नावावर. कामावर असताना मेला, तर बायको जिवंत असेपर्यंत खोली तिची. कामावर नसताना मेला, तर तीन महिन्यांत रिकामी. म्हणजे सगळं दोन शब्दांवर आलं: कामावर होता. हे दोन शब्द लिहिले तर साहेबांना उत्तर द्यावं लागणार की एकट्याला का पाठवलं. म्हणून साहेबांनी दुसरं लिहिलं. बारा तारखेला सकाळपासून सदर कर्मचारी न सांगता छावणी सोडून गेला. मद्याच्या अमलाखाली असावा. असावा. केसाने गळा कापतात तो असा. आणि महिन्याभरात खात्याच्या अंकात वर्णन छापून आलं, त्यात संकलन प्रमुखांच्या हस्ते. झुडपाला नाव दिलं वरच्या मोठ्या साहेबांच्या आईचं. त्या माउलीने डोंगर पाहिला असेल तर खिडकीतून.

घरात सासू. गाठ्याला दोऱ्यांची लडी दिली ती तिने, त्यामुळे दोऱ्याचा हक्क आपला असं तिला वाटायचं. तिला गाठी वाचता येत नव्हत्या, पण एवढं तिने बरोबर ओळखलं की शेवटच्या दोऱ्यात बारा तारीख होती आणि एक फास होता. तो दोरा असता तर पोरगा पळाला असं म्हणायची कोणाची छाती झाली नसती. ती रोज सकाळी, चहा पुढे केला की, एकच वाक्य बोलायची: “माझ्या पोराची शेवटची सही तू चुलीत घातलीस.” आवाज न चढवता. भांडली असती तर परवडलं असतं.

सुईबाई कप उचलून कामाला जायची. तिला ते आधीच रोज दिसत होतं. टेबलावर, हाताच्या अंतरावर, तो कागदाचा खिसा असतो. गळालेली पाकळी ठेवायचा. मनगट जरा डावीकडे वळलं असतं तर दोरा खिशात गेला असता. ते उजवीकडे वळलं, कारण तेवीस वर्षं ते उजवीकडेच वळत होतं. मला तिने हे सांगितलं तेव्हा हात हवेत करून दाखवला. डावीकडे. उजवीकडे. एवढंच.

लोकांचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा; सुईबाईचा चौकशीचा अर्जही मीच लिहिला, आणि चौकशीत तिच्या बाजूने बोलायलाही मीच. माझा भरवसा वर्णनावर होता. तुम्हालाही दिसलं असेल. पंचेचाळीस ते पासष्ट सेंटिमीटर. संग्रहालयात आलेली फांदी एक वीतभर, मग अख्ख्या झुडपाची उंची साहेबांना कोणी सांगितली? गाठ्याची वीत बावीस सेंटिमीटरची, हे त्याची बायको नाही सांगणार तर कोण. दोन विती, तीन विती, करा हिशेब. वांगी-जांभळा हा शब्द कोणाचा? टाइपिस्टला विचारा. आणि तेरा तारखेला शोध कोणी घेतला? मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, साहेबाने स्वतःच्या हाताने स्वतःची जबानी छापून दिली आहे, चोराने दाखला लिहून द्यावा तशी. साहेब फूल पाहिलं म्हणाला तर कड्यावर त्याच्यासोबत कोण होतं ते सांगावं लागेल. नाही पाहिलं म्हणाला तर वर्णन खोटं. आता सुटतो कुठे?

मूर्ख होतो. कायदा वाचून शिकलेल्या माणसाला वाटतं की समोरच्यालाही लाज वाटेल. ते कलम कुठल्याच कायद्यात नाही.

चौकशी अधिकारी वरून आलेले. टेबलावर फांदीचा कागद, लेबलावर आणणारा म्हणून साहेबांचं नाव. सुईबाईने पाहिल्या पाहिल्या सांगितलं की हे लेबल मी लावलेलं नाही. मी फक्त कडेला डिंक लावते, याच्या सबंध पाठीला डिंक फासलाय, कागद सुरकुतलाय बघा. अधिकारी म्हणाले, डिंकाचा प्रश्न नाही. टाइपिस्टला विचारलं, पहिलं लेबल टाइप केलं होतंस का. तो म्हणाला, रोज पन्नास लेबलं टाइप करतो, आठवत नाही. वांगी-जांभळा? तो म्हणाला, शास्त्रातला रूढ शब्द आहे.

खेचरवाल्याने कानावर हात ठेवले. मी खेचरांकडे बघत होतो, म्हणाला. आदल्या आठवड्यात हाच माणूस सुईबाईच्या उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला होता. “वहिनी, तो एकटाच चढला. दोन्ही दिवस. साहेबांनीच पाठवलं. पण हे मी तुम्हाला सांगतोय, त्यांना नाही सांगणार. खेचरं त्यांच्याच कामावर आहेत.” सत्य सांगून मोकळा झाला, आणि खोटं बोलून सुरक्षित. दोन्ही फायदे त्याचे.

मग अधिकाऱ्यांना एक कल्पना सुचली. गाठी वाचता येतात म्हणता ना, वाचून दाखवा. शिपायाला दोरा आणायला सांगितला. शिपायाने पुडक्याचा सुतळीवजा दोरा आणला. अधिकाऱ्यांनी स्वतः त्याला आठनऊ गाठी मारल्या, वेड्यावाकड्या, हसत हसत, आणि तिच्यापुढे टाकला. वाचा, काय लिहिलंय?

सुईबाईने तो दोरा उचलला. दोन्ही हातांत ताणला, बोटांनी सावकाश चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाई नाही. जणू खरंच डोंगरातून आलेला आहे. मला आतून ओरडावंसं वाटत होतं की बाई, काहीही सांग, सतरा तारीख सांग, चार विती सांग, यांना काय कळतंय. पण ती गादीवाल्याची पोर, टाका नसेल तिथे टाका आहे म्हणणार नाही.

“यात काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे वाचता येत नाही?”

“वाचता येतं. यात काही नाही.”

अधिकाऱ्यांनी बाजूच्या कारकुनाला मजकूर सांगितला, मी कानांनी ऐकला: साक्षीदारास दोरा देण्यात आला असता तिला गाठी वाचता आल्या नाहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, माझा. तेरा तारखेला फळाचा शोध कोणी घेतला? साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, मी घेतला. कड्यावर चढून? नाही, छावणीतून. दुर्बिणीतून.

पान सहा मिलिमीटरचं. ते फळ असलंच तर दाण्याएवढं असणार. उत्तरेचा कडा, मध्ये सगळी दरी, आणि हे तंबूतून दुर्बिणीने फळ शोधत होते, उलट्या आवरत. मी हसलो, मोठ्याने. मला बाहेर काढलं. दार लोटताना ऐकलं, अधिकारी कारकुनाला सांगत होते, लिहा, दुर्बिणीतून.

निकाल आठ दिवसांत. कामावर नव्हता. तीन महिने भरतात त्या महिनाअखेरीला खोली रिकामी करावी.

सासूला तिची मुलगी येऊन घेऊन गेली. जाताना म्हातारीने उरलेल्या दोऱ्यांचा शिवणाचा डबा काखेत घेतला. सुईबाईने एकच मागणं मागितलं, त्यातला जांभळा दोरा द्या. सासूने डबा उघडला, जांभळा शोधला आणि हातभर तोडून दिला. म्हणाली, “हा तरी जाळू नकोस.” बस. बावीस वर्षं एका मोरीत धुणं धुतलेल्या दोघी. सून कुठे जाणार, हे म्हातारीने विचारलं नाही.

खोली सोडायला तीन दिवस होते, तेव्हा साहेबांनी सुईबाईला बोलावलं. मोठ्या साहेबांच्या आईच्या हस्ते झुडपाचा कागद काचेच्या पेटीत ठेवायचा होता, मोठ्या दालनात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. जुना कागद सुरकुतलेला. नवीन भारी कागदावर फांदी पुन्हा बसवायची. साहेब म्हणाले, सुईबाई, तुमच्यासारखा हात नाही दुसऱ्या कोणाचा. लाजही वाटली नाही त्यांना. आणि तिने, मी डोक्याला हात लावला, हो म्हटलं.

मी तिच्यावर खूप चिडलो. तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, ज्याने नवऱ्याला दारुडा ठरवलं त्याचा कागद शिवतेस? फाडून टाक ती फांदी, चुरा कर, काय करतील? ती मला म्हणाली, “तुम्ही ओरडा. मी शिवते.”

दोन दिवस लागले. फांदी उतरवली, नव्या कागदावर मांडली, एक पान उलटं, पोट वर. पाकळ्या नव्या खिशात. मग सुई. नियम पांढऱ्या किंवा तपकिरी दोऱ्याचा. ती पुढून तपकिरीच दोऱ्याने शिवत आली. फांदीच्या बुंध्याशी शेवटचा टाका मात्र जांभळ्याने घेतला, आणि तो सालीच्या फटीत असा बसवला की पुढून काही दिसत नाही. कागदाच्या मागे दोरा काढला आणि तिथे बांधलं, पेटीत खाली जाणाऱ्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही. एक मोठी, दोन बारीक. मग दोन. मग तीन. एक फास. टोकाच्या तीन चिमुकल्या गाठी तिने बांधल्या नाहीत. मी विचारलं का. म्हणाली, त्या माझ्या होत्या, आणि तो आला नाही.

मागचे टाके झाकायला कागदाची पट्टी चिकटवतात, तीही तिने चिकटवली, पातळातली पातळ. बोट फिरवलं की गाठ लागते. नवीन झुडपाचा पहिला नमुना म्हणजे त्याला कोणी हात लावत नाही, टाका उसवत नाही, कितीही वर्षं गेली तरी. ते साहेबांच्याच भिंतीवर लिहिलेलं आहे, चौकटीत.

समारंभाला ती नव्हती, खोली आदल्या दिवशीच सुटली होती. मी होतो, मागे उभा, बोलावणं नसताना. मोठ्या साहेबांच्या आईंनी पेटीवर हात ठेवला, फोटो निघाले. प्रमुखसाहेबांनी वर्णन वाचून दाखवलं, लवीच्या लांबीसकट. फळ आढळले नाही, इथे ते पाणी प्यायले. मग पाहुण्यांना काचेशी वाकायला लावलं आणि म्हणाले, आमच्याकडचं काम बघा, टाके दिसतसुद्धा नाहीत.

सुईबाई आता दुसऱ्या गल्लीत पडद्यांच्या दुकानात काठ दुमडते. मशीनचं काम, हाताच्या टाक्याला तिथे कोणी विचारत नाही. राहते दुकानाच्या माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी. भिंत थंड.

तुम्ही कधीतरी त्या संग्रहालयात जालच. दालन रोज उघडं असतं, डावीकडून तिसरी पेटी. फूल तपकिरी दिसेल, फसू नका. तिथल्या माणसाला सांगा, पेटी उघड. नाही म्हणेल, पुन्हा सांगा. कागद उलटा करायला लावा, खालच्या पट्टीवरून बोट फिरवा, आणि मोठ्याने मोजा, साहेबांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. शेवटी फास किती आहेत ते विचारतील तुम्हाला. एक आहे, म्हणा.